मंगळ-गुरू-शनीची खुर्ची

३ जून, मंगळवार

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. फाडायचं असेल तर निदान पहिलं पान वाचून फाड. तुझी आई म्हणते, "सरळ फोन करा की, पत्रं कसली खरडता?" पण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. आधी तब्येत विचारतो, मग पाणी किती प्यालीस ते विचारतो, मग तू फोन ठेवतेस. कागदावर निदान खोडता येतं. सातवी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घे.

तू गेलीस त्याला चार महिने झाले. तिकडे डायलिसिसची सोय लागली, नोकरीही लागली, एवढं आईकडून कळलं. कसली नोकरी ते ती सांगत नाही. तोंडाला कुलूप लावून बसते. तूच बजावलं असशील. बरोबर आहे. मी विचारत नाही. जिने किती चढावे लागतात एवढं कळलं असतं तर जिवाला बरं वाटलं असतं. पण नाही विचारत.

मागच्या बुधवारी इथल्या डायलिसिस केंद्रावर गेलो होतो. तुझ्या फाइलची प्रत आणायला जातो असं आईला सांगितलं. प्रत तू जातानाच नेलीस हे मला माहीत होतं. दोन वर्षं सोमवार-बुधवार-शुक्रवार तुला चार वाजता आत सोडायचं, आठ वाजता बाहेर घ्यायचं आणि मधले चार तास त्या निळ्या बाकावर बसायचं. पायांना सवय लागली आहे. डोक्याने सांगितलं तरी ऐकत नाहीत.

तिथे त्या बाई भेटल्या. पेशंट लोकांच्या नोकऱ्यांचं बघतात त्या. सगळे त्यांना नोकरीवाल्या बाई म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काका, मुलीच्या ऑफिसात यादी घेऊन गेलेले ते तुम्हीच ना?"

म्हणजे तू त्यांना सांगितलंस. सांगणारच. मी म्हटलं, "बाप आहे मी तिचा. वैरी म्हणून नव्हतो गेलो."

"वैऱ्याने नोकरी घालवली तर भांडता येतं. बापाने घालवली तर पोरीने भांडायचं कुणाशी?"

धाकटे, मी गप्प बसलो. हे मुद्दाम लिहितो, कारण तुला खरं वाटणार नाही.

यादी अकरा कलमांची होती, मान्य. डाव्या हाताने, म्हणजे सुया टोचायच्या हाताने, वजन उचलू देऊ नये, पाणी मापाने लागतं म्हणून दिवसातून अर्धा कपच चहा द्यावा, दमलेली दिसली तर बसवावं, असंच सगळं. पण तुझ्या साहेबांनी ती इतकी मनावर घ्यावी आणि आठ दिवसांत तुला डिस्पॅचमधून, माल पाठवायच्या कामावरून, उठवून "घरी आराम करा" म्हणावं, हे मला कसं कळणार? मी चांगल्यासाठीच गेलो होतो. त्यापलीकडे काही नाही.

औषधं वेळेवर घे.

तुझे बाबा


१९ जून, गुरुवार

धाकटे,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

नोकरीवाल्या बाईंनी मला कामाला जुंपलं आहे. मी पुन्हा बाकावर जाऊन बसलेला दिसलो तेव्हा म्हणाल्या, "काका, आता कुणाला घेऊन आलात?" म्हटलं, कुणाला नाही. "मग बसलाच आहात तर हात चालवा. तुम्ही कारखान्यात हजेरीबाबू होतात ना? तुमची मुलगी सांगायची, चारशे माणसांच्या पाळ्या बाबा कागद न बघता लावायचे."

हे तू त्यांना सांगायचीस? मला कधी म्हणाली नाहीस.

काम असं आहे. माणसाला डायलिसिस सुरू झालं की पहिला घाव नोकरीवर पडतो. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मशीनला बांधलेलं. मालक म्हणतो, अर्धाच आठवडा येणार तर मग कशाला? किंवा माणूस स्वतःच घाबरून घरी बसतो. बाई दारोदार फिरतात, मालकांशी बोलतात, पण पाळ्यांचा मेळ बसत नाही. त्यांनी मला सगळा तक्ता दाखवला. अठरा खाटा, दिवसाला तीन पाळ्या. अर्धे लोक सोम-बुध-शुक्र, अर्धे मंगळ-गुरू-शनी. मी चौकटीचा कागद आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन दोन दिवस बसलो. तू हसशील, पण जेवणाची आठवण राहिली नाही. आईने डबा तसाच परत नेला आणि म्हणाली, "हे बघा, रिटायर झालेल्या बैलाला पुन्हा औत मिळालं."

सकाळच्या पाळीला मरणाची गर्दी आणि चारच्या पाळीला पाच खाटा रिकाम्या, हे माझ्या ध्यानात आलं. संध्याकाळी थकवा येतो म्हणून कुणाला ती नको असते. पण चारला यायचं म्हणजे तीनपर्यंत कामावर राहता येतं. तू हेच करायचीस. सकाळी साडेसातला ऑफिसात हजर, साडेतीनला बाहेर, कुणाला पत्ता नाही. तेव्हा मला वाटायचं पोरगी जिवाशी खेळते. आता कागदावर मांडल्यावर दिसतं की पाळी उत्तम लावलेली होती. मी लावली असती तर याहून वेगळी लावली नसती.

सिस्टरना विचारून दोघांना चारच्या पाळीत हलवलं. एक औषधांच्या दुकानातला, एक शाळेतल्या कारकूनबाई. दोघांच्या नोकऱ्या टिकल्या आहेत, आजपर्यंत तरी.

आणि एक ड्रायव्हर आहेत. बावीस वर्षं बस चालवली, आता लायसन आहे पण बस नाही. मंगळ-गुरू-शनी येतात. जीभ भारी. परवा मशीनचा अलार्म वाजला तर म्हणाले, "काका, आधी मागून पॅसेंजर ओरडायचे, आता शेजारून मशीन ओरडतं. आपण दोघांनाही म्हणायचं, पुढे सरका."

पाणी किती, ते विचारत नाही.

बाबा


१४ जुलै, सोमवार

धाकटे,

आज मोठी बातमी आहे, म्हणून आधी तीच सांगतो. ड्रायव्हरना काम लागलं.

लिफ्ट दुरुस्त करणारी एक कंपनी आहे. तळमजल्यावर दोन खोल्या, एकीत तारा आणि लोखंडी चाकं, दुसरीत टेबल, फोन आणि एक खुर्ची. कुणाच्या बिल्डिंगची लिफ्ट अडकली की फोन येतो. तो घ्यायचा, पत्ता लिहायचा, मेकॅनिकला पिटाळायचं, आणि तो पोचेपर्यंत आत अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं. बसून काम, वजन नाही, जिना नाही. पण आठवड्याचे सहा दिवस.

मी म्हटलं, खुर्ची एक असली म्हणून माणूस एक कशाला? डायलिसिसचे दिवस तर दोन जातींचे आहेत. मंगळ-गुरू-शनीला ज्याला मशीन आहे त्याने सोम-बुध-शुक्र बसावं, आणि उलट. मशीन दोघांच्या आड येत नाही, उलट तेच पाळी लावून देतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काका, हे मला सहा वर्षांत सुचलं नाही." मी लगेच म्हटलं, "मालक नाही म्हणाला तर?" त्या म्हणाल्या, "तर पुढचा मालक."

आम्ही तिघं गेलो. वाटेत बाईंनी मला ताकीद दिली. "आजाराबद्दल तुम्ही चकार शब्द काढायचा नाही. मीसुद्धा काढणार नाही. आजार ज्याचा, तोंड त्याचं. तुम्ही फक्त तक्ता दाखवायचा."

मालक म्हणजे तोफखाना. ड्रायव्हर त्यांच्यासमोर बसले आणि सरळ म्हणाले, "साहेब, माझ्या किडन्यांनी राजीनामा दिलाय. तीन दिवस मशीन माझं रक्त धुतं. उरलेले तीन दिवस मी तुमचा. बावीस वर्षं चिडलेल्या पॅसेंजरशी बोललोय, अडकलेल्याशी बोलायला काय जातंय."

"आणि बाकीचे तीन दिवस काय मी बसू?"

मी कागद पुढे केला. निळे चौकोन ड्रायव्हरांचे, लाल चौकोन दुसऱ्या माणसाचे. मालकांनी चष्मा वर केला. "मंगळ, गुरू, शनी... काका, तुम्ही नोकरी मागायला आलात की पत्रिका जुळवायला?"

पण हो म्हणाले. ड्रायव्हर लगेच सुरू. दुसरा माणूस महिन्याभरात आणा, तोवर त्या तीन दिवशी फोन मी घेईन, त्यानंतर मात्र सहा दिवसांचा कुणीतरी बघेन, असं बजावलं.

तर धाकटे, मुद्द्याचं. ते लाल चौकोन तुझ्या दिवसांचे आहेत. तुझं मशीन सोम-बुध-शुक्र, म्हणजे मंगळ-गुरू-शनी मोकळे. केंद्र तेच, सिस्टर ओळखीच्या, घरापासून बसने चार थांबे. अर्धा आठवडा काम, अर्धा आठवडा आराम. तिकडे एकटीने ओढाताण करण्यापेक्षा बरं नाही का? खुर्ची मी धरून ठेवली आहे. घाई नाही. म्हणजे महिना आहे.

तुझे बाबा


३० जुलै, बुधवार

धाकटे,

आईच्या फोनवर तुझा निरोप आला. तिने वाचून दाखवला आणि मग फोन माझ्या हातात दिला, म्हणजे मलाही दोनदा वाचता आला. "माझं नाव कुठे लिहिलं असेल तर खोडा. मला काम आहे. आणि त्या खुर्चीसाठी तिथे दुसरं कुणीच नव्हतं का?"

होतं.

सोम-बुध-शुक्रला एक शिंपीणबाई येतात. कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होत्या. दिवसभर उभं राहणं झेपेना म्हणून काम सोडलं. आता घरी शर्टांना बटणं लावतात. बोलायला ठसठशीत, लिहिता वाचता येतं, राहतात त्या कंपनीच्या मागच्याच गल्लीत. माझ्या कागदावर त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून होतं. नोकरीवाल्या बाईंनी दोनदा विचारलं, "काका, लाल चौकोनात कोण बसतंय?" मी दोनदा सांगितलं, बघतोय, अजून जुळत नाही.

तीस वर्षं हजेरी लिहिली, धाकटे. फोरमनचा मेव्हणा उशिरा आला तरी त्याला उशीरच लिहिला. एकदा स्वतःच्या भावाचा खाडा लावला, तो दोन वर्षं बोलला नाही. आणि म्हातारपणी तक्त्यात खोट केली.

आज बाईंना सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, त्याने जास्त लागलं. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला हवं होतं का हे काम?"

"विचारलं नव्हतं."

"यादी नेली तेव्हा तरी विचारलं होतं?"

मग त्या मला घेऊन शिंपीणबाईंच्या खाटेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सांगा तुम्हीच." मी सांगितलं. त्यांचं नाव पंधरा दिवस का दाबून ठेवलं तेही सांगितलं. त्यांचा हात मशीनला जोडलेला, उठून जाताही येईना. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, ती खुर्ची काय तुमच्या घरची होती?"

आसपासच्या खाटांवरचे सगळे छताकडे बघायला लागले.

उद्या शिंपीणबाई मालकांना भेटायला जातात. मी बरोबर जाणार नाही. नकोच म्हणाल्या.

बाबा


९ ऑगस्ट, शनिवार

धाकटे,

हे पत्र तीनदा सुरू केलं. पहिल्या दोन वेळा हवापाण्यावर गेलो आणि फाडलं. या वेळी आधी तेच लिहितो.

पहिल्या पत्रात लिहिलं की मी चांगल्यासाठी गेलो होतो आणि त्यापलीकडे काही नाही. त्यापलीकडे होतं.

तुझ्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बरं झालं आलात. तुमच्या मुलीला डिस्पॅचची प्रमुख करायचं चाललंय. पहाटे उठून येते, वर्षभरात मालाची एक गाडी चुकली नाही तिची. पुढच्या महिन्यात सांगणार आहोत, तुम्ही आता बोलू नका."

दुसरा कुणी बाप असता तर पेढे वाटत सुटला असता. मला त्यात धोकाच दिसला. प्रमुख म्हणजे धावपळ, बोलणी खाणं, उशिरापर्यंत थांबणं. माझ्या डोळ्यांपुढे तू जिन्यात पडलेली आली. मी म्हटलं, "नको साहेब. तिला जबाबदारीचं काम झेपायचं नाही."

ते म्हणाले, "का? काय झालं?"

तेव्हा मी खिशातून यादी काढली. धाकटे, तोवर ती खिशातच होती. लिहून नेली होती हे खरं, पण "काही नाही साहेब, सहज" म्हणून उठता आलं असतं. मी उठलो नाही. त्यांनी यादी वाचली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला तो मी पाहिला. आणि मला, देवाशपथ, बरं वाटलं. वाटलं, चला, आता आणखी एकाला काळजी लागली.

तू घरी येऊन विचारत होतीस, मी काय चुकले, त्यांनी मला का काढलं, तेव्हा मी "मोठ्या लोकांचं काय सांगावं" म्हणालो. यादीचं तुला त्यांच्या शिपायाकडून कळलं. बढतीचं कुणाकडूनच कळलं नाही, कारण ते फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

आईलासुद्धा काल सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, "तिला आपण आजारी आहोत एवढंच माहीत होतं. ती हुशार आहे हे तुम्ही तिच्यापासून लपवलंत."

माफी मागतो असं लिहिणार होतो. पण तसं लिहिलं की तुझ्यावर उत्तर द्यायची जबाबदारी येते. म्हणून झालं ते लिहिलं, आणि थांबतो.

बाबा


२ सप्टेंबर, मंगळवार

धाकटे,

आई म्हणते तू पत्र वाचलंस. पुढे काही बोलली नाहीस म्हणते. ठीक.

इथलं थोडं लिहितो. शिंपीणबाईंना खुर्ची मिळाली. त्यांनी मालकांना काय सांगितलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. (एकदा विचारलं. "तुम्हाला काय करायचंय?" म्हणाल्या.) त्यापलीकडे महिनाभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. काल मात्र स्वतःहून बोलल्या. सातव्या मजल्याजवळ एक आजी एकट्या अडकल्या होत्या, घाबरून रडत होत्या. शिंपीणबाईंनी वीस मिनिटं त्यांच्याकडून स्वेटरची वीण समजून घेतली. मेकॅनिकने दार उघडलं तर आजी म्हणाल्या, "थांब जरा, तिला गळ्याचं सांगायचं राहिलंय."

ड्रायव्हरांचं ठीक आहे. मध्ये एक आठवडा ताप येऊन आडवे होते. तेव्हा शिंपीणबाईंनी त्यांचा एक दिवस केंद्रात पाळी बदलून घेऊन सांभाळला, दोन दिवस मालक बसले. मी घाबरून बाईंना म्हटलं, आता गेली दोघांची नोकरी. पण मालकांनी ड्रायव्हरना फोन करून एवढंच विचारलं, "कधी येताय? मला लोक फार शिव्या घालतात हो." नोकरी लावून देणं सोपं, बाई म्हणतात, टिकवणं हे खरं काम.

आता बाईंनी नियम केला आहे. तक्त्यात नाव लिहायच्या आधी मी त्या माणसापुढे कागद धरायचा आणि विचारायचं, लिहू का? सोळा जणांना विचारलं. तिघं नाही म्हणाले. त्यातल्या एकाला मी "का?" म्हणून विचारणार होतो. नाही विचारलं.

बाबा


२५ सप्टेंबर, गुरुवार

धाकटे,

हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे, कारण तुला लवकर कळायला हवं. घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे.

आज अकरा वाजता मला फोन आला. आवाज बाईमाणसाचा, ओळखीचा नाही. तुझ्या ऑफिसातून बोलते म्हणाल्या, कर्मचाऱ्यांचं बघतात त्या. मला पहिल्यांदा वाटलं, तुला काहीतरी झालं. उभा होतो तो खाली बसलो. त्या म्हणाल्या, "नाही नाही, ती कामावर आहे, समोरच्या खोलीत. घरच्या माणसाचा नंबर म्हणून फॉर्मवर तुमचा आहे, म्हणून केला."

माझा नंबर. आईचा नाही. तो फॉर्म तू कधी भरलास, माझं ते मोठं पत्र मिळायच्या आधी की नंतर, ते मला माहीत नाही. विचारणार नाही.

मग त्या मूळ गोष्टीवर आल्या. तू आठवड्यातून तीन दिवस लवकर सुटण्यासाठी अर्ज दिला आहेस. बदल्यात सकाळी लवकर येईन म्हणतेस. कारणाच्या जागी "वैयक्तिक" लिहिलं आहेस. काम चांगलं आहे तिचं, त्या म्हणाल्या, आमची काही हरकत नाही, पण वर कारण द्यावं लागतं. आवाज गोड होता. "काका, घरी काही अडचण आहे का? तिची तब्येत वगैरे? आम्हाला माहीत असलं तर आम्हीच सांभाळून घेऊ."

सांभाळून घेऊ हा शब्द ऐकला आणि सगळं ओठावर आलं. खोटं कशाला सांगू? ती बाई वाईट नव्हती. तुला सांभाळणारं माणूस तिथे असावं असं मला रोज वाटतं. आणि दुसरीकडे मनात असंही आलं की सरळ "ठणठणीत आहे" म्हणून मोकळं व्हावं. पण ते खोटं उद्या तुझ्याच अंगावर आलं असतं, आणि तेही मी तुला न विचारता बोललेलं असतं.

आई दारात उभी होती. नुसती बघत होती.

मी म्हटलं, "बाई, मी तीस वर्षं कारखान्यात हजेरीबाबू होतो. रजेचं कारण आम्ही ज्याची रजा त्यालाच विचारायचो. त्याच्या घरी विचारायचो नाही."

त्या म्हणाल्या, "तसं नाही हो काका, मी आपलं काळजीने विचारलं."

मी म्हटलं, "काळजी मलाही आहे."

हे तुला अशासाठी कळवतो की तिथे कुणीतरी विचारतं आहे. त्यांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ. मी बरोबर बोललो की चुकलो ते मला अजून कळत नाही. फोन ठेवल्यापासून दोनदा वाटलं की परत लावून नीट सांगावं. आईने फोन तिच्या पिशवीत टाकला आहे.

एक राहिलं. फोन ठेवण्याआधी त्या बाई म्हणाल्या, "मग मी इथे काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, मुलीला विचारा."

त्यांनी लिहिलं असावं. टाइप केल्याचा आवाज आला.

तुझे बाबा